दिल्ली ते श्रीनगर: ६४५ किलोमीटर आणि दिवसभराचा उजेड



आजचा विषय वरवर पाहता अगदी साधा आहे. दिल्लीहून श्रीनगर विमानाने किती लांब, आणि किती वेळ लागतो? फोनवर विचारलंत तर उत्तर लगेच येतं. सरळ रेषेत साधारण ६४५ किलोमीटर. तिकिटावर दीड तास लिहिलेला असतो, प्रत्यक्ष हवेत विमान त्याहून कमी वेळ असतं. आम्हा नोएडाकरांना घरातून निघून पालमच्या फाटकापर्यंत पोचायला कधी कधी तेवढाच वेळ लागतो. जेवरहून मोजलं तर अंतर सातशेच्या घरात जातं. पण विमानाला पन्नास-साठ किलोमीटर म्हणजे काहीच नाही, चार-पाच मिनिटं.

आता हाच आकडा घेऊन २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे जाऊ. तेव्हाही अंतर ६४५ किलोमीटरच होतं. विमान होतं डाकोटा, वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. जड भरलेलं विमान, वाटेत पीर पंजालची भिंत, अंधारात उड्डाण. एका बाजूचा प्रवास तीन-साडेतीन तासांचा. तिकडे श्रीनगरला दिवसाचा उजेड जेमतेम अकरा तास, आणि धावपट्टीवर एकही दिवा नाही. या तीन आकड्यांच्या गणितात काश्मीर खोरं राहिलं. इतिहासाच्या पुस्तकांत सामीलनाम्याची तारीख असते, नेत्यांची पत्रं असतात. हे गणित फार कमी ठिकाणी मांडलेलं दिसतं. फौजेतल्या माणसाला मात्र आधी तेच दिसतं.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. फाळणीपूर्वी श्रीनगरला जायचे चांगले रस्ते दोन. एक रावळपिंडीहून मरी, दोमेल, उरी, बारामुल्ला असा झेलमच्या काठाने जाणारा. हा बारमाही, मोटारीचा रस्ता, तीनशे-सव्वातीनशे किलोमीटरचा. दुसरा सियालकोटहून जम्मू, तिथपर्यंत रेल्वेसुद्धा होती, आणि पुढे बनिहालच्या घाटातून श्रीनगर. १५ ऑगस्टनंतर रावळपिंडी आणि सियालकोट दोन्ही पाकिस्तानात गेली. आपल्या हातात उरला पठाणकोट ते जम्मू हा शंभरेक किलोमीटरचा मार्ग. रस्ता म्हणायचा एवढंच, कारण बरीचशी वाट कच्ची आणि नद्यानाल्यांवर पूल नाहीत. त्यापुढे जम्मू ते श्रीनगर आणखी तीनशे किलोमीटर, त्यात बनिहाल खिंड, उंची २,८०० मीटरच्या वर.

हवेतलं चित्रही पाहा. रावळपिंडी ते श्रीनगर सरळ रेषेत १६५ किलोमीटर. दिल्लीहून ६४५. म्हणजे जवळजवळ चौपट. नकाशावर दिल्ली–श्रीनगर रेघ ओढलीत तर ती लुधियानाच्या जवळून, पठाणकोटच्या अगदी डोक्यावरून आणि बनिहालच्या आसपासहून जाते. रॅडक्लिफच्या निवाड्यात पठाणकोट तालुका भारताकडे आला, म्हणून ही रेघ सगळी आपल्याच हद्दीवरून गेली. तो तालुका गेला असता तर जमिनीवरची वाट तर बंद झालीच असती, आकाशातली वाटही वाकडी करावी लागली असती.

२२ ऑक्टोबरला टोळीवाल्यांनी मुझफ्फराबादकडून हल्ला केला. लॉऱ्यांतून आलेले लोक होते, पायी नव्हे. दोमेलपासून श्रीनगर सुमारे १८० किलोमीटर, चांगला रस्ता, एका दिवसाचा प्रवास. संस्थानच्या सैन्याचे ब्रिगेडियर राजेंद्रसिंह यांनी मूठभर माणसांनिशी उरीला पूल उडवला आणि मागे हटत हटत वाट अडवून धरली. त्यातच त्यांना वीरमरण आलं. २४ ऑक्टोबरला माहुराचं वीजघर शत्रूच्या हाती पडलं आणि श्रीनगर अंधारात बुडालं. तो दसरा होता. पुढे हल्लेखोर बारामुल्ल्याला पोचले. तिथून श्रीनगर साधारण ५५ किलोमीटर. लॉरीने दोन तास धरा.

आपल्याकडे एक सोपं विधान नेहमी ऐकू येतं की टोळीवाले बारामुल्ल्यात लुटीत रमले म्हणून श्रीनगर वाचलं. हे अर्धं खरं आहे. बारामुल्ल्यात लूट झाली, कत्तल झाली, मिशनच्या इस्पितळालाही सोडलं नाही, आणि त्यात त्यांचे मोलाचे दिवस गेले. पण शत्रूने वेळ वाया घालवला म्हणून आपोआप कुणी जिंकत नाही. तो वेळ वापरायची सोय दुसऱ्या बाजूकडे असावी लागते. आपल्याकडे ती होती का? खरं सांगायचं तर असायला नको होती. तेव्हाच्या वायुदलाकडे वाहतुकीची विमानं अगदी थोडी. मग आली कुठून? दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेची शिलकी डाकोटा विमानं स्वस्तात विकली गेली आणि देशात बऱ्याच खासगी विमान कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांची विमानं त्या महिन्यांत फाळणीच्या निर्वासितांना आणण्यात गुंतली होती. म्हणजे देशावर जी आपत्ती कोसळली होती, तिच्यामुळेच दिल्लीच्या आसपास विमानं आणि वैमानिक तयार होते. व्ही. पी. मेनन यांनी संस्थानांच्या विलीनीकरणावर जे पुस्तक लिहिलं, त्यात या मोहिमेत शंभराहून अधिक नागरी विमानं जमवल्याचं नोंदवलंय.

मेनन स्वतः २५ ऑक्टोबरला श्रीनगरला गेले. बरोबर लष्करी बाजू पाहायला कर्नल सॅम माणेकशा, पुढे आपले फील्ड मार्शल. त्यांनी महाराजा हरिसिंहांची भेट घेतली आणि रात्रीतच परतायची तयारी केली. माणेकशांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलंय की परतीचं उड्डाण झालं तेव्हा धावपट्टीच्या कडेने लोक मशाली धरून उभे होते. हा तपशील लक्षात ठेवा, गणितात तो लागणार आहे. २६ ऑक्टोबरला महाराजांनी सामीलनाम्यावर सही केली. सही किती वाजता झाली, कुठे झाली, यावर इतिहासकारांत बरीच भांडणं आहेत. मी त्यात पडत नाही. सैनिकी दृष्टीने प्रश्न वेगळा होता: उद्या सकाळी किती माणसं उतरवता येतील?

हुकूम मिळाला पहिल्या शीख बटालियनला. ती गुरगावला होती, दंगली आणि निर्वासितांच्या बंदोबस्तात विखुरलेली. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय. त्यांना दिलेल्या आदेशातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. श्रीनगरवर पोचल्यावर आधी विमानतळावर घिरट्या घाला. विमानतळ आपल्या ताब्यात आहे अशी खात्री झाली तरच उतरा, नाहीतर जम्मूला जा. म्हणजे दिल्लीत कुणालाही ठाऊक नव्हतं की तीन तासांनी तिथे कोण उभं असेल. विमान निघाल्यावर बातमी मिळायची सोय नाही. तीन तासांचं अंतर म्हणजे तीन तासांची आंधळी कोशिंबीर.

पहाटे पाचच्या सुमारास पहिली विमानं उडाली, काही विलिंग्डन विमानतळावरून, म्हणजे आजच्या सफदरजंगवरून, आणि काही पालमवरून. वायुदलाच्या १२ व्या स्क्वॉड्रनचं नेतृत्व विंग कमांडर करोडीलाल भाटिया करत होते. एका विमानात पंधरा ते सतरा जवान आणि सव्वादोनशे किलोच्या आसपास सामान. एवढंच का? डाकोटा याहून जास्त वजन उचलू शकतं. पण श्रीनगरला इंधन भरायची सोय नव्हती. परतीचं पेट्रोल इथूनच टाकीत भरून न्यायचं, आणि जेवढं पेट्रोल जास्त तेवढा माल कमी. शिवाय श्रीनगरचा विमानतळ साडेपाच हजार फुटांवरच्या पठारावर आहे. महाराजांच्या छोट्या विमानांसाठी केलेली कच्ची पट्टी ती. भरलेली डाकोटा तिथे ओळीने उतरवण्याचा विचार ती बांधताना कुणी केला नव्हता.

आता उजेडाचं गणित करू. पहाटे पाचला निघालेलं विमान साडेआठला पोचलं असं धरा. माल उतरवून साडेनऊला परत निघालं तर दुपारी एकच्या आत-बाहेर दिल्ली. पेट्रोल भरून, जवान चढवून दोनला पुन्हा निघालं तर श्रीनगरला पोचेपर्यंत सव्वापाच. ऑक्टोबरच्या शेवटी तिथे साडेपाच-पावणेसहाला सूर्य डोंगराआड जातो, आणि धावपट्टीवर दिवे नाहीत. मशाली धरून एखादं विमान उडवता येतं, रांगेने उतरवता येत नाहीत. म्हणजे एका विमानाची दिवसाला एकच फेरी भरवशाची, दुसरी नशिबावर. त्यामुळे फौज वाढवायची तर एकच उपाय, विमानांची संख्या वाढवायची. पहिल्या दिवशी २८ फेऱ्या झाल्या. सोळा माणसं धरली तरी साडेचारशेच्या वर आकडा जात नाही, आणि काही विमानांत निव्वळ दारूगोळा आणि रसद. एक अख्खी बटालियनसुद्धा संध्याकाळपर्यंत उतरली नव्हती.

इथे मराठी माणसाला पानिपत आठवल्याशिवाय राहत नाही. १७६० च्या मार्चमध्ये सदाशिवराव भाऊ पटदूरहून निघाले आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्लीत पोचले. साडेचार महिने. बरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू, तोफा. एकदा पानिपतला वेढ्यात सापडल्यावर पुण्याहून नवी कुमक यायची म्हणजे पुन्हा तेवढंच अंतर. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली, आणि त्याची बातमी माळव्यापर्यंत आलेल्या नानासाहेब पेशव्यांना दहा दिवसांनी, सावकाराच्या पत्रातून कळली. भाऊंच्या शौर्याबद्दल, चुकांबद्दल आपण अडीचशे वर्षं बोलतोय. कुमक आणि बातमी किती दिवसांत पोचत होती, हे मात्र आपण क्वचित मोजतो. १९४७ साली दिल्लीतल्या लोकांनी ते पहिल्याच रात्री मोजलं, हा माझ्या मते मोठा फरक आहे.

पुन्हा श्रीनगरला येऊ. कर्नल राय सकाळी उतरले आणि विमानतळ धरून बसले नाहीत. आपल्याकडे माणसं कमी आहेत, शत्रूला सपाट खोऱ्यात पसरू दिलं तर पट्टी वाचवता येणार नाही, म्हणून त्याला बारामुल्ल्याच्या तोंडाशीच गाठायचं, असा त्यांचा विचार. काही लष्करी अभ्यासक म्हणतात की ते फार पुढे गेले. मला स्वतःला त्यांचा निर्णय पटतो. मागून येणारं प्रत्येक विमान उतरायचं तर पट्टी शत्रूच्या बंदुकांच्या माऱ्यापासून लांब हवी. जितके किलोमीटर पुढे, तितके तास जास्त. २८ ऑक्टोबरला पट्टणजवळ मागे हटताना राय यांना गोळी लागून वीरमरण आलं. उतरल्यापासून जेमतेम दीड दिवस. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आलं.

त्याच दिवसापासून अंबाल्याहून टेम्पेस्ट विमानं हल्ल्याला येऊ लागली. अंबाला ते श्रीनगर साधारण ४४५ किलोमीटर. टेम्पेस्टचा पल्ला मोठा, ती हल्ला करून परत जाऊ शकत. स्पिटफायरचा पल्ला तोकडा, त्यांना श्रीनगरलाच ठेवावं लागलं. मग त्यांना पेट्रोल कुठून? आलेल्या डाकोटांच्या टाकीतून उरलंसुरलं काढून. दिल्लीहून निघताना परतीसाठी भरलेल्या पेट्रोलातला थेंब थेंब हिशोबाने वाटला जात होता. क्वार्टरमास्टरच्या कामाला आमच्याकडे कुणी पदक देत नाही, पण अशा वेळी लढाई तोच लढत असतो.

३ नोव्हेंबरला सगळ्यात कठीण प्रसंग आला. बडगाम हे गाव विमानतळाच्या अगदी जवळ. तिथे चौथ्या कुमाऊँ बटालियनची कंपनी गस्तीवर होती, मेजर सोमनाथ शर्मा कंपनी कमांडर. हॉकी खेळताना हात मोडलेला, डावा हात प्लास्टरमध्ये, तरी हट्टाने आले होते. दुपारी शेकडो हल्लेखोर तीन बाजूंनी आले. कंपनीहून सातपट. ते जर पट्टीपर्यंत पोचले असते तर पुढच्या विमानांना उतरायला जागाच उरली नसती, आणि आधी उतरलेल्यांची रसद तिथेच तुटली असती. शर्मांच्या कंपनीने सहा तास रोखून धरलं, असं परमवीर चक्राच्या मानपत्रात म्हटलंय. दारूगोळ्यावर उखळी तोफेचा गोळा पडला आणि शर्मा गेले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं परमवीर चक्र. सहा तास, म्हणजे दिल्ली–श्रीनगर–दिल्ली अशी साधारण एक फेरी.

श्रीनगरमधल्या ब्रिगेडची सूत्रं तोवर ब्रिगेडियर एल. पी. सेन यांच्याकडे आली होती. त्यांनी पुढे या लढाईवर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘स्लेंडर वॉज द थ्रेड’. बारीक धागा. तो धागा म्हणजे ही हवाई वाट, असं मी समजतो. ७ नोव्हेंबरला शालटेंगला सेन यांनी शत्रूला वेढून मोडून काढलं. त्या लढाईत निर्णायक ठरल्या सातव्या लाइट कॅव्हलरीच्या चिलखती गाड्या. या गाड्या डाकोटात मावणाऱ्या नव्हत्या. त्या अंबाल्याहून त्याच कच्च्या पठाणकोट–जम्मू वाटेने, बनिहाल ओलांडून आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बारामुल्ला आपल्या हातात आलं, आणखी आठवड्याभरात उरी.

१७ नोव्हेंबरला ही धावपळ थांबली. तोपर्यंत दिल्लीहून ७०४ फेऱ्या झाल्या होत्या. बावीस दिवसांत, म्हणजे रोज सरासरी बत्तीस. एकही दिवस असा नव्हता की दिल्लीत किती विमानं सुस्थितीत आहेत हे न मोजता रात्री कुणी झोपलं असेल. युरोपात यानंतर सात महिन्यांनी बर्लिनची विमानवाहतूक सुरू झाली आणि जगभर गाजली. प्रमाणाने ती कितीतरी मोठी, पण तिच्यामागे दोन महासत्ता होत्या, पक्के विमानतळ होते, रडार होतं. आपल्यामागे अडीच महिन्यांचं सरकार होतं.

तरीही आकडा नीट पाहा. एका फेरीला दोन-अडीच टन धरले तर ७०४ फेऱ्यांत फार तर साडेसतराशे टनांच्या आसपास. तीन टनी ट्रकांच्या भाषेत सहाशे ट्रक. हिवाळाभर एक मोठी फौज त्या खोऱ्यात ठेवायची, तिला पीठ, रॉकेल, कांबळी, गोळे पुरवायचे, तर सहाशे ट्रक काही आठवड्यांत संपतात. बर्फ पडलं की डाकोटा पीर पंजालवरून रोज जाईलच असंही नाही. विमानाने श्रीनगर वाचवलं, पण ते टिकवायला रस्ताच हवा होता.

आणि इथे एक पुणेकर येतो, ज्याचं नाव काश्मीरच्या गोष्टीत आपण सहसा घेत नाही. नरहर विष्णु तथा काकासाहेब गाडगीळ. नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. ‘पथिक’ हे आत्मचरित्र लिहिणारे गाडगीळ. सरदार पटेलांनी त्यांना नकाशा दाखवून सांगितलं की काश्मीर राखायचं तर पठाणकोट–जम्मू रस्ता आठ महिन्यांत झाला पाहिजे. अडचणी उघड होत्या: वाटेत नद्या, नाले, टेकड्या, आणि पंजाबात मजूर मिळेना, कारण पंजाब अजून सावरत होता. राजस्थानातून मजूर खास गाड्यांनी आणले गेले. सुमारे दहा हजार माणसं कामावर होती. रात्री दिव्यांच्या उजेडात काम चाले. मजुरांसाठी दवाखाने, बाजार, फिरता सिनेमासुद्धा होता. पासष्ट मैलांचा तो रस्ता मुदतीत पुरा झाला. विमानांच्या फेऱ्या मोजताना उजेड कमी पडत होता, आणि इथे रात्र पाडून घेतलीच नाही.

पुढचं थोडक्यात. बनिहालच्या खाली जवाहर बोगदा १९५६ मध्ये उघडला आणि हिवाळ्यातला खिंडीचा अडसर बराच कमी झाला. पठाणकोटहून जम्मूला रेल्वे गेली. २०२५ च्या जूनमध्ये कटऱ्याहून थेट श्रीनगरची गाडी सुरू झाली. विमानाचा वेळ साडेतीन तासांवरून दीड तासावर आला. श्रीनगरची ती कच्ची पट्टी आज मोठा विमानतळ आहे, आणि तो आजही वायुदलाच्या ताब्यात आहे. खिडकीपाशी बसलात तर उतरताना बडगामकडची शेतं दिसतात. धुकं असलं तर मात्र विमान आजही उतरत नाही, तासन् तास दिल्लीत थांबून राहतं. प्रवासी चिडतात. मला त्या वेळी ऑक्टोबर १९४७ ची दिल्लीत उभी असलेली डाकोटांची रांग डोळ्यासमोर येते.

पुढच्या भागात आपण श्रीनगरहून पूर्वेला, लेहला जाऊ. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहरसिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन दहा हजार फुटांवरच्या, नुकत्याच साफ केलेल्या वाळवंटी पट्टीवर डाकोटा उतरवलं. अंतर श्रीनगरपासून अडीचशे किलोमीटर, पण वाटेत डाकोटाच्या उंचीच्या मर्यादेपलीकडची शिखरं. ते गणित आजच्याहून वेगळं आहे, त्याला वेगळा भाग हवा. भेटू.